सायक्रोमेट्रिक चार्ट वाचताना या चुका टाळा: मराठवाड्यातल्या हवेचा हिशेब

एसीचं टनेज (थंड करायची क्षमता) काढायचं असो, रेशीम शेडमधली आर्द्रता सांभाळायची असो, की सोयाबीनच्या गोदामाचं दार आज उघडावं का हा प्रश्न असो, सगळं शेवटी एकाच तक्त्यावर येऊन थांबतं: हवेचं तापमान, वाफ आणि उष्णता एकत्र दाखवणारा सायक्रोमेट्रिक चार्ट. हवेबद्दलच्या दोन गोष्टी नक्की माहीत असल्या की उरलेल्या पाच-सहा त्याच बिंदूवरून वाचता येतात. डिप्लोमाला हा तक्ता शिकवतात, परीक्षेत उदाहरणही सुटतं, आणि साइटवर मात्र उत्तर फसतं. बहुतेक वेळा तक्ता बरोबर असतो, त्यावर ठेवलेला बिंदूच चुकलेला असतो.

मराठवाड्यात दोन चुका सगळ्यात महागात पडतात. एक, मुंबईच्या दाबाचा तक्ता संभाजीनगरला वापरणं. दुसरी, फक्त मे महिन्याचा बिंदू मांडून मोकळं होणं. बाकीच्या चुका लहान आहेत, पण त्या या दोघींवर चढत जातात.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी दोन बिंदू धरू. मे महिन्यातली संभाजीनगरची दुपार: ड्राय बल्ब (साध्या थर्मामीटरचं तापमान) ४१ अंश, वेट बल्ब (बल्बवर ओलं कापड असलेल्या थर्मामीटरचं तापमान) २२ अंश. आणि जुलैतला ढगाळ, चिकचिकीत दिवस: ड्राय बल्ब ३०, वेट बल्ब २५.

तक्ता कुठल्या उंचीचा आहे ते आधी बघा

बाजारात मिळणारा, पुस्तकामागे जोडलेला किंवा नेटवरून काढलेला चार्ट बहुतेक वेळा समुद्रसपाटीचा असतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात १०१.३२५ किलोपास्कल असं छापलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. संभाजीनगर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, तिथला हवेचा दाब सुमारे ९४.७ किलोपास्कल. नांदेड गोदावरीकाठी साडेतीनशे मीटरच्या थोडं वर, तिथे दाब ९७ च्या आसपास. बालाघाटावरचं लातूर-धाराशिव संभाजीनगरपेक्षाही थोडं उंच.

फरक किती पडतो? मे महिन्याचा बिंदू, ४१ आणि २२, समुद्रसपाटीच्या चार्टवर मांडला तर किलोभर कोरड्या हवेत ८.७ ग्रॅम वाफ दिसते. संभाजीनगरच्या खऱ्या दाबाला ती ९.९ ग्रॅम आहे. एन्थाल्पी, म्हणजे किलोभर हवेतली एकूण उष्णता, ६३.८ ऐवजी ६६.८ किलोज्यूल. एक किलो हवेला लागणारी जागा ०.९० घनमीटर नसून ०.९७ आहे, म्हणजे पंखा तेवढेच घनमीटर ओढत असला तरी किलोने मोजली तर सात टक्के कमी हवा जाते. गंमत म्हणजे सापेक्ष आर्द्रतेत (आरएच) फरक जेमतेम एक टक्क्याचा: १८ ऐवजी १९. फक्त आरएच वाचणाऱ्याला ही चूक कधीच सापडत नाही. ग्रॅम आणि किलोज्यूल वाचणाऱ्याला ती दर वेळी बसते.

७५० मीटर उंचीसाठी वेगळा छापील चार्ट मिळतो. लातूर, धाराशिव, संभाजीनगरसाठी तो समुद्रसपाटीच्या चार्टपेक्षा जवळचा आहे. काम नेमकं हवं असेल तर दाब टाकायची सोय असलेलं सॉफ्टवेअर किंवा ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरा. पण तिथेही एक खड्डा आहे. हवामानाच्या ॲपवर दिसणारा १००५ किंवा १००८ हेक्टोपास्कल हा आकडा समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो, तुमच्या गच्चीवरचा नव्हे. तो जसाच्या तसा टाकला की कॅल्क्युलेटर वापरूनही तुम्ही परत मुंबईच्या चार्टवर आलात. गावाची उंची टाका, नाहीतर फोनच्या स्वतःच्या बॅरोमीटर सेन्सरचा आकडा घ्या. संभाजीनगरला तो ९४५ ते ९५० च्या आसपास यायला हवा.

कमाल तापमान आणि सकाळची आर्द्रता यांचं लग्न लावू नका

कृषी हवामान पत्रिकेत आर्द्रतेचे दोन आकडे येतात, सकाळचा आणि दुपारचा. कमाल तापमान दुपारचं असतं. घाईत लोक ४१ अंशाशेजारी सकाळची ४५ टक्के आर्द्रता ठेवतात आणि बिंदू मांडून मोकळे होतात. त्या बिंदूवर वाफ निघते २४ ग्रॅमच्या जवळ, दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं) २६ अंशांच्या वर, वेट बल्ब ३० च्या आसपास. भर पावसाळ्यातही इथे इतकी वाफ सहसा नसते, मग मे महिन्याच्या झळांमध्ये ती येणार कुठून?

म्हणून बिंदू मांडला की लगेच उजवीकडच्या पट्टीवर वाफेचे ग्रॅम बघायची सवय लावा. आपल्याकडे मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी हा आकडा साधारण दहाच्या आगेमागे असायला हवा. वीस दिसला तर बिंदू चुकला, तक्ता नाही. दिवसभरात तापमान पंधरा अंशांनी हलतं, आरएच दुप्पट-तिप्पट हलते, पण वारा-पाऊस बदलला नाही तर ग्रॅम फारसे हलत नाहीत. आकडे पारखायचे तर ग्रॅमवर पारखा.

वेट बल्ब नीट मोजला नाही तर पुढचं सगळं वाया

स्लिंग सायक्रोमीटर, म्हणजे हाताने गरगर फिरवायचे ड्राय आणि वेट बल्बचे जोडथर्मामीटर, हे साधं यंत्र आहे आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतं. पहिली तपासणी कापड ओलं करण्याआधी: दोन्ही थर्मामीटर सारखं दाखवतात का? अर्ध्या अंशाचा फरक असेल तर तो लिहून ठेवा आणि पुढे वजा करा.

कापड पातळ सुती मलमलचं असावं, बल्ब पूर्ण झाकून वर दोन-तीन सेंटिमीटर गेलेलं. आपल्याकडचं खरं दुखणं म्हणजे बोअरचं जड पाणी. चार-पाच वेळा तेच पाणी लावलं की कापडावर पांढरा क्षार बसतो, कापड कडक होतं, पाणी नीट उडत नाही आणि वेट बल्ब खऱ्यापेक्षा वर दाखवतो. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि कापड कडक लागलं की सरळ बदला. याची किंमत आकड्यात अशी: मे महिन्याच्या बिंदूवर वेट बल्ब २२ ऐवजी २४ वाचला गेला तर वाफ ९.९ वरून १३.१ ग्रॅम होते आणि आरएच १९ वरून २५ टक्के. दोन अंशांनी हवेतली वाफ एक-तृतीयांशाने फुगली.

सेकंदाला दोन-तीन फेरे या वेगाने पंधरा-वीस सेकंद फिरवा, थांबवताच आधी वेट बल्ब वाचा, मग ड्राय. परत फिरवा. लागोपाठ दोन वाचनं सारखी आली की तोच आकडा. मे महिन्यात यातही घोटाळा होतो: हवा इतकी कोरडी असते की वेट बल्ब खाली जाऊन स्थिर व्हायच्या आतच कापड सुकतं आणि पारा परत चढायला लागतो. चढता आकडा घेऊ नका. कापड पुन्हा भिजवा, आणि पाणी उन्हात तापलेलं नको. मोजताना सावलीत उभे राहा, पण तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली नको. पत्र्याची धग ड्राय बल्ब दोन-तीन अंशांनी सहज वर नेते.

भिंतीवर टांगलेले, वारा न लागणारे दोन थर्मामीटर असतील तर त्यांचा वेट बल्ब चार्टवर सरळ टाकू नये. चार्टवरचा वेट बल्ब हा तीन ते पाच मीटर प्रतिसेकंद वाऱ्यातला धरलेला असतो. वेधशाळेच्या पांढऱ्या लाकडी पेटीतल्या थर्मामीटरसाठी वेगळी कोष्टकं असतात ती याचसाठी.

डिजिटल आर्द्रतामापक सोयीचा, पण स्वस्तातला असेल तर पाच टक्के इकडेतिकडे धरून चला. ४१ अंशाला आरएचमधल्या पाच टक्क्यांचा अर्थ होतो अडीच ग्रॅमपेक्षा जास्त वाफ, म्हणजे एकूण वाफेचा पाव हिस्सा. तपासायची घरगुती रीत पक्की आहे: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, काही थेंब पाणी घालून ओलसर लगदा करा, मीठ पूर्ण विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. २५ अंशांच्या आसपास मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. ७० किंवा ८१ दाखवत असेल तर तेवढा फरक यंत्रावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

रेषा ओळखण्यातला घोळ

चार्टवर सहा प्रकारच्या रेषा एकमेकींवरून जातात आणि त्यांतल्या तीन तिरप्या असतात. सगळ्यात जास्त गल्लत दवबिंदू आणि वेट बल्ब यांची. दोन्ही आकडे डावीकडच्या वक्र कडेवरच छापलेले असतात, म्हणून ती होते. बिंदूपासून आडवं, अगदी पातळीत डावीकडे गेलात तर दवबिंदू मिळतो. तिरपं, वर डावीकडे गेलात तर वेट बल्ब. मे महिन्याच्या बिंदूवर वेट बल्ब २२ आणि दवबिंदू १२.९, म्हणजे नऊ अंशांची तफावत. जुलैत २५ आणि २३.३, म्हणजे जेमतेम दोन. त्यामुळे जुलैत ही गल्लत पचून जाते आणि मे महिन्यात उघडी पडते. थंड पाण्याच्या पाइपला घाम फुटेल का हा प्रश्न दवबिंदूचा आहे. कूलर किती थंड करेल हा वेट बल्बचा.

वेट बल्ब आणि एन्थाल्पीच्या रेषा जवळजवळ समांतर असतात. एकीच्या जागी दुसरी वाचली तर मे महिन्याच्या बिंदूवर पाऊण किलोज्यूलच्या आसपास फरक पडतो. साध्या कामाला तो चालतो, उगाच डोकं खाऊ नका. एन्थाल्पी वाचताना मात्र कडेबाहेरची तिरपी पट्टी आणि खालची पट्टी यांना फूटपट्टी टेकवून दोन्हीकडे सारखा आकडा आला का बघा.

आणखी एक, ड्राय बल्बच्या रेषा अगदी उभ्या वाटतात, पण चांगल्या चार्टवर त्या किंचित झुकलेल्या असतात. गुण्या लावून उभी रेघ मारण्यापेक्षा छापील रेषेच्या बाजूने वर जा. १० ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात, आरएचमधली लहान चूकही वाफेत मोठी होते. तिथे आरएचवरून बिंदू शोधण्यापेक्षा वेट बल्बवरून शोधलेला बरा.

कूलरचं गणित

कूलरमधून जाणारी हवा चार्टवर आडवी डावीकडे सरकत नाही. ती वेट बल्बच्या रेषेवरून वर डावीकडे चढते: तापमान उतरतं, वाफ वाढते, एकूण उष्णता जवळपास तेवढीच राहते. ८० टक्के कार्यक्षमतेचा पॅड असेल तर ४१ आणि २२ मधल्या १९ अंशांपैकी १५.२ उतरतात. हवा २५.८ अंशांना बाहेर येते, आरएच ७३ टक्क्यांच्या आसपास, वाफ ९.९ वरून १६.३ ग्रॅम.

जुलैत तोच कूलर, तोच पॅड, तोच पंप. ३० आणि २५ मध्ये अंतरच पाच अंशांचं, त्यामुळे हवा २६ ला बाहेर येते आणि आरएच ९२ टक्के. मिरग लागल्यावर कूलर "बिघडला" म्हणून पॅड बदलणाऱ्यांनी आधी वेट बल्ब मोजावा. पॅडमध्ये काही बिघडलेलं नसतं.

पाण्याचा हिशेब याच रेषेवरून निघतो आणि टँकरच्या गावात तो टनेजइतकाच महत्त्वाचा आहे. ताशी ३००० घनमीटर हवा देणारा कूलर मे महिन्याच्या त्या बिंदूवर ताशी सुमारे २० लिटर पाणी उडवतो. दहा तास चालला तर २०० लिटर, आणि क्षार साचू नये म्हणून टाकीतून सोडून द्यायचं पाणी वेगळं. बिघाड शोधायलाही हा आकडा कामाला येतो. किलोभर हवेत एक ग्रॅम पाणी उडालं की ती साधारण २.४ अंशांनी थंड होते. कूलर ताशी २० ऐवजी आठच लिटर पाणी पीत असेल तर एक तर पॅडवर सगळीकडे पाणी पोचत नाही, वरच्या नळीची भोकं क्षाराने बुजली आहेत, किंवा पॅडच्या कडेने हवा चोरवाटेने आत शिरते आहे. किंवा पंखाच ३००० देत नाही. बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा: ते २६ च्या जवळ असेल तर पॅड ठीक, हवा कमी. ते ३५ असेल तर पॅड बघा.

कूलर लावून खिडक्या बंद करणं हीदेखील चार्ट न वाचल्याची चूक. १६.३ ग्रॅमची हवा खोलीतून बाहेर गेली नाही तर कूलर तीच हवा परत ओढतो, वेट बल्ब वर चढत जातो आणि तासाभरात खोलीत चिकचिक होते. जेवढी हवा आत, तेवढीला बाहेर जायची वाट हवी.

रेशीम शेडमध्ये हाच मुद्दा जास्त नाजूक होतो. शेवटच्या अवस्थेतल्या अळ्यांना २४-२५ अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता सांगतात. बीड, जालन्याकडच्या शेडमध्ये उन्हाळ्यात पोत्यांचे पडदे, फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे), कूलर लावून दोन्ही आकडे एकदम गाठायची धडपड चालते. चार्टवर २२ वेट बल्बची रेषा बोटाने धरा. २७ अंशाला आरएच ६६ टक्के. २५ अंशाला ७८ टक्के. २५ अंश आणि ६५ टक्के हा बिंदू त्या रेषेवर नाहीच, म्हणून नुसतं पाणी उडवून तो मिळणारही नाही. मग निवड करावी लागते: २६.५-२७ वर थांबून आर्द्रता ७० च्या आत ठेवायची, की २५ गाठून फांद्यांचा थर पातळ करून वारा खेळता ठेवायचा. फॉगर आणखी वाढवून तापमान उतरत नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. फॉगरही त्याच रेषेवरून चालतो. आणि वेट बल्ब २५ वर गेला की पाण्याने २५ च्या खाली जाता येत नाही, मग फॉगर बंद करून एक्झॉस्ट चालू ठेवणं हेच शहाणपण.

एसीसाठी मे महिना पुरत नाही

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत किंवा शहरातल्या हॉस्पिटलांत, जिथे बाहेरची ताजी हवा आत घ्यावीच लागते, तिथे ही चूक सगळ्यात जास्त पैसे खाते. डिझाइनसाठी ४१-४२ अंश धरले जातात कारण तोच सगळ्यात वाईट दिवस वाटतो. आता एन्थाल्पी बघा. खोलीत २५ अंश, ५० टक्के हवेत, तर आतल्या हवेची एन्थाल्पी ५२.१ किलोज्यूल, वाफ १०.६ ग्रॅम. मे महिन्याच्या बाहेरच्या हवेची ६६.८. जुलैच्या, ३० अंशांच्या, अंगाला गार वाटणाऱ्या हवेची ७९.८.

म्हणजे दर किलो ताज्या हवेमागे मे महिन्यात १४.७ किलोज्यूल काढावे लागतात आणि जुलैत २७.७. ताशी १००० घनमीटर ताजी हवा घेतली तर मे महिन्यात सव्वा टनाच्या आत भागतं, जुलैत २.३ टन लागतात. ४१ अंशाला धडधाकट चालणारं युनिट ३० अंशाला हात टेकतं ते यामुळे.

त्यातही या भाराचं स्वरूप वेगळं. मे महिन्यातली बाहेरची हवा खोलीपेक्षा कोरडी आहे, ९.९ विरुद्ध १०.६, त्यामुळे ती खोलीतली वाफ उलट थोडी कमीच करते. जुलैच्या २७.७ पैकी तापमानाचा वाटा फक्त पाच किलोज्यूल, बाकी सगळं पाणी. सेन्सिबल हीट रेशो (एकूण भारातला तापमानाचा वाटा) ०.१८ च्या आसपास येतो. ही रेषा चार्टवर इतकी उभी चढते की नेहमीच्या ०.७५-०.८ रेशोवर निवडलेली कॉइल तिला पुरी पडत नाही.

म्हणून "मग मोठा एसी घ्या" हे उत्तर अर्धंच खरं. ताजी हवा डक्टमधून न येणाऱ्या साध्या खोलीत मोठा स्प्लिट एसी जुलैत उलट त्रास देतो. बाहेर ३० अंशच असल्यामुळे खोली दहा मिनिटांत थंड होते, कॉम्प्रेसर थांबतो, ब्लोअर चालू राहतो आणि कॉइलवरचं, ट्रेमधलं पाणी परत हवेत जातं. तापमान २४, आरएच ७० च्या वर, भिंतीला वास. मग सेटिंग १८ वर नेलं जातं आणि भिंती, काचा आणखी गार होऊन त्यांना घाम फुटतो. अशा वेळी ब्लोअरचा वेग कमी करा, ड्राय मोड लावा, दाराखिडक्यांच्या फटी बुजवा. मोठ्या प्लांटमध्ये ताज्या हवेसाठी वेगळी कॉइल घ्या, तिथेच तिचं पाणी काढा आणि मग ती मुख्य युनिटकडे सोडा.

ड्रेन पाइपचंही तेच. ताजी हवा कॉइलनंतर १३ अंश आणि ९० टक्के आरएचला बाहेर पडते असं धरलं, तर १००० घनमीटर हवेतून मे महिन्यात ताशी एक लिटर पाणी निघतं आणि जुलैत अकरा. मे महिन्यात कमिशनिंग केलेल्या युनिटचा ट्रे पावसाळ्यात वाहून फॉल्स सीलिंगवर डाग पडतात. ट्रॅप (पाणी भरून राहणारा पाइपचा वाक) नसेल तर पंख्याच्या ओढीने पाणी ट्रेमध्येच अडून राहतं. हे पाइप चोंदलं म्हणून होत नाही, त्यामुळे पाइप फुंकून काही फायदा नाही. यू-ट्रॅप बसवा आणि तो सुरुवातीला पाण्याने भरून ठेवा.

गोदाम उघडताना आरएचची तुलना करू नका

सोयाबीन, तूर, हरभऱ्याची थप्पी असलेल्या गोदामात आत कोंदट वाटतं म्हणून पावसाची उघडीप मिळताच दार उघडायची पद्धत आहे. मापक लावून बघणारेही फसतात. आत २४ अंश आणि ७५ टक्के. बाहेर ३१ अंश आणि ६० टक्के. बाहेरची हवा कोरडी दिसते म्हणून पंखे लावले जातात.

दोन्ही बिंदू मांडा. आतल्या हवेत साधारण १५ ग्रॅम वाफ आहे, बाहेरच्या हवेत १८. ती बाहेरची हवा आत येऊन थप्पीला लागून २४ अंशांना उतरली की तिची आरएच ९० टक्के होते. धान्याभोवतीची हवा सतत ७० टक्क्यांच्या वर राहिली तरी बुरशीला पुरते, इथे आपणच नव्वद करून दिली. बाहेरचा दवबिंदू २२.३ आहे. खालची फरशी किंवा थप्पीचा गाभा त्याखाली असेल तर पोत्यांवर चक्क पाणी धरेल.

म्हणून बाहेरच्या हवेचे ग्रॅम आतल्यापेक्षा कमी असतील आणि तिचा दवबिंदू थप्पीच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंशांनी तरी खाली असेल, तरच दार उघडायचं. तापमान थप्पीच्या आत लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून घ्या. गोदामाच्या हवेचं तापमान म्हणजे धान्याचं तापमान नव्हे. पावसाळ्यात अशी वेळ फार कमी मिळते, बरेच दिवस दार बंद ठेवणंच योग्य ठरतं. दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की जवळजवळ कुठलीही दुपार चालते.

हवा गरम करून धान्य वाळवतानाही हाच गैरसमज असतो. हीटरने आरएच उतरते, पण बिंदू आडवा उजवीकडे सरकतो, ग्रॅम तेवढेच राहतात. ओली झालेली तीच हवा परत परत फिरवली तर हीटर कितीही मोठा लावा, वाळवणं मंदावतं. थोडी हवा सतत बाहेर सोडावी लागते.

थोडक्यात उरलेल्या

दोन हवा मिसळल्या की मिश्रणाचा बिंदू दोघांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर येतो आणि जिचं प्रमाण जास्त तिच्या जवळ असतो. अंतर उलट्या टोकाकडून मोजणं ही नेहमीची चूक. ८० टक्के परतीची हवा (२५ अंश, ५० टक्के) आणि २० टक्के मे महिन्याची बाहेरची हवा मिळून २८.२ अंश येतात. ३७.८ आले असतील तर टोक चुकलं. आरएचची सरासरी काढू नका: ती ४४ देते, खरी ४१ असते. प्रमाण किलोने धरायचं की घनमीटरने, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, एवढ्या तापमान-फरकाला तो परिणाम किरकोळ आहे.

द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजसाठी नेहमीचा चार्ट वापरू नका. तो शून्याला सुरू होतो आणि तुमचं काम शून्याच्या आसपासच असतं, त्यासाठी कमी तापमानाचा वेगळा चार्ट असतो.

जुने चार्ट फॅरनहाइट, पौंड आणि ग्रेनमध्ये आहेत. किलोमागचा एक ग्रॅम म्हणजे पौंडामागचे सात ग्रेन, इथपर्यंत ठीक. एन्थाल्पी मात्र नुसती २.३२६ ने गुणून किलोज्यूलमध्ये येत नाही. जुन्या चार्टचं शून्य शून्य अंश फॅरनहाइटला आहे, नव्याचं शून्य अंश सेल्सिअसला. आधी सुमारे ७.७ वजा करा, मग गुणा. दोन बिंदूंमधला फरकच हवा असेल तर वजाबाकीची गरज नाही.

आणि सीएफएमची (मिनिटाला किती घनफूट हवा) पाठ झालेली सूत्रं: सेन्सिबलसाठी (तापमानाच्या उष्णतेसाठी) १.०८, एकूण उष्णतेसाठी ४.५, ग्रेनमधल्या लेटंटसाठी (वाफेच्या उष्णतेसाठी) ०.६८. तिन्ही समुद्रसपाटीच्या हवेची आहेत. संभाजीनगरला त्यांच्या जागी १.०१, ४.२ आणि ०.६४ धरा. नांदेडला १.०३, ४.३ आणि ०.६५.